चुंबळीतला चुना

कोंडीबाला मूळव्याध झाली तेव्हा त्याला बरं वाटलं.

दुखत होतं, रक्त पडत होतं, सगळं खरं. पण तेरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला चारचौघांत सांगता येईल असा आजार झाला होता. त्याचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या अलीकडे. सकाळी एस.टी.च्या थांब्यावर माणसं बसायची आणि कोंडीबा उभा राहायचा. "बस की," असं कुणी म्हणालं की तो म्हणायचा, "बसता आलं असतं तर काय पायजे व्हतं!" मग सगळे हळहळायचे आणि औषधं सांगायचे. सुरण खा. ताकात जिरं घाल. मिरची सोड. मेंढरांमागे त्याच्याबरोबर लहानपणापासून हिंडलेल्या जोतिबाने तर आपल्या बोटातली मूळव्याधीवरची तांब्याची अंगठी काढून त्याच्या बोटात घातली.

"माजी तीन म्हयन्यांत गेली. आता तू घाल."

"आन् तुला परत झाली तर?"

"तवा मागून घीन की. कुटं पळतोयस?"

मूळव्याध असली तरी इतकी माया मिळते हे कोंडीबाला माहीत नव्हतं. तो रोज सकाळी थांब्यावर जायला लागला.

पहिल्या आजाराची गोष्ट वेगळी होती. तो एचआयव्ही होता. तरुणपणी कोंडीबा मुंबईला मशीद बंदरात ओझी उचलायला होता, तिथून तो आजार आला आणि त्याच्याकडून बायकोला, अंबूबाईला गेला. तेरा वर्षांपूर्वी दोघांचं रक्त एकाच दिवशी तपासलं आणि दोघांना एकाच दिवशी कळलं. साताऱ्याच्या सरकारी केंद्रातून दोघांना गोळ्या सुरू झाल्या. रोज एक गोळी, रात्री साडेआठला, जन्मभर. गोळ्या आणायला सारखं साताऱ्याला जावं लागणार होतं, आणि गावाने विचारलं तर काय सांगायचं हा प्रश्न होता.

तो अंबूबाईने सोडवला. ती म्हणाली, "कोर्टाची तारीख हाय म्हनून सांगू."

"कसली केस?"

"माळाची. पुन्याच्या मानसानं आपल्या माळाची खोटी खरेदी केली, म्हनून."

"कुटल्या मानसानं?"

साताऱ्याच्या स्टँडसमोर एका दाताच्या डॉक्टरची पाटी होती. अंबूबाईने ती वाचली आणि म्हणाली, "शरच्चंद्रानं."

तेव्हापासून तेरा वर्षं ती केस चालू होती. गावाला कधी शंका आली नाही, कारण केस अशीच चालते. "काय झालं?" असं विचारलं की कोंडीबा म्हणायचा, "पुढची तारीख." गाव शरच्चंद्राला शिव्या घालायचं. जोतिबाची मेंढरंही त्याच माळावर चरायची, तो तर म्हणायचा, एकदा समोर येऊ दे, त्याचे दातच पाडतो.

तीन वर्षांपूर्वी अंबूबाई गेली. या आजाराने नाही, हृदयाने. सकाळी टाकीवर पाण्याला गेली, हंडा भरला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि खाली बसली ती उठली नाही. हंडा मागाहून जोतिबाने घरी आणून दिला. त्यातलं पाणी कोंडीबाने तीन दिवस पुरवून प्यायलं.

केंद्रातून प्रत्येकाला एक हिरवं पुस्तक मिळतं. पहिल्या पानावर, आपली काळजी कोण घेणार त्या माणसाचं नाव असतं. कोंडीबाच्या पुस्तकात अंबूबाईचं नाव होतं, अंबूबाईच्या पुस्तकात कोंडीबाचं. ती गेल्यावर तिच्या उरलेल्या अकरा गोळ्या आणि तिचं पुस्तक त्याने केंद्रात परत केलं. तिथल्या समुपदेशक ज्ञानदाताई म्हणाल्या, "काका, आता तुमच्या पुस्तकात कुणाचं नाव घालायचं?"

"बघू."

दर खेपेला त्या विचारायच्या आणि दर खेपेला तो बघू म्हणायचा. घरात मुलगा होता, सून होती. मुलगा राजवर्धन महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा आणि महिन्यातून दोनदा घरी यायचा. सून राणी घर, शेत आणि मेंढरं बघायची. दोघांना केस माहीत होती, आजार माहीत नव्हता.

मूळव्याधीला सात महिने झाले तेव्हा ज्ञानदाताईंनीच विचारलं, "काका, तुम्ही उभे का?"

त्याने सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुणी तपासलं?"

कोंडीबाने आठवून बघितलं. गावात सगळ्यांनी त्याला औषध दिलं होतं. दहिवडीच्या डॉक्टरने मलम दिलं होतं. बघितलं मात्र कुणीच नव्हतं. विचारायचं, हळहळायचं आणि औषध सांगायचं, अशीच मूळव्याधीची रीत आहे. ती जागा बघायची म्हणजे बघणाऱ्यालाही लाज आणि दाखवणाऱ्यालाही.

ज्ञानदाताईंनी त्याला त्याच दिवशी खाली सर्जनकडे पाठवलं. सर्जनने बोटाने तपासलं, तुकडा काढून पाठवला. आठ दिवसांनी कागद आला. ती मूळव्याध नव्हती. गुदद्वाराचा कॅन्सर होता.

"एचआयव्ही असलेल्यांत हा जास्त दिसतो," सर्जन म्हणाले. "बायकांनाही होतो, बाप्यांनाही. सांगलीला जा. उशीर करू नका."

घरी येऊन कोंडीबाने राणीला कॅन्सर सांगितला आणि गावाला मूळव्याधीचं ऑपरेशन सांगितलं. मूळव्याध सोडवत नव्हती.

सांगलीला राणीच बरोबर आली. सीझन होता, राजवर्धनला गाडी सोडून येता येत नव्हतं. एस.टी.त कोंडीबाला बसवेना. घरातल्या खिळ्याला अंबूबाईची चुंबळ तीन वर्षं लटकत होती. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून तिने ती केली होती, चांगली जाड. कोंडीबाने ती घेतली, सीटवर ठेवली आणि तिच्यावर बसला. मधली जागा मोकळी राहिली. दुखायचं थांबलं नाही, पण सांगलीपर्यंत बसवलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर चारुशीला मॅडम होत्या. त्यांनी कागद बघितला, तपासलं आणि विचारलं, "आणखी काही आजार? काही गोळ्या चालू?"

राणी शेजारीच उभी होती.

"न्हाई," कोंडीबा म्हणाला.

दोन दिवसांनी रक्ताचे रिपोर्ट आले. मॅडमनी राणीला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"एचआयव्ही पॉझिटिव्ह आलाय. तुम्हाला माहीत होतं?"

कोंडीबाने भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. मग म्हणाला, "व्हय."

"किती वर्षं?"

"तेरा."

"मग परवा का नाही सांगितलंत?"

"सून व्हती."

"त्यांना माहीत नाही?"

"कुनालाच न्हाई. बायकोला व्हतं."

"त्या कुठे असतात?"

"गेली."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी नवा कागद घेतला आणि साताऱ्याच्या गोळीचं नाव लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं. या जागेच्या कॅन्सरला आधी कापत नाहीत. किरणं आणि केमो एकदम देतात. अठ्ठावीस दिवस किरणं, शनिवार-रविवार सोडून. पहिल्या आणि पाचव्या आठवड्यात एक इंजेक्शन, आणि किरणं असतील त्या दिवशी केमोच्या गोळ्या. बहुतेकांची गाठ त्याने विरघळते.

"एचआयव्ही असला तरी ट्रीटमेंट हीच. तुमच्या पेशी चांगल्या आहेत, म्हणजे गोळी तुम्ही चुकवत नाही. फक्त दोन गोष्टी. किरणं मध्येच थांबता कामा नयेत. आणि साताऱ्याची गोळी एक दिवसही चुकता कामा नये. केमोने आधीच रक्तातल्या पेशी खाली येतात."

"आन् थांबली तर?"

"गाठ राहिली तर मोठं ऑपरेशन. मग संडासची जागा बंद, आणि पोटावर पिशवी. कायमची."

कोंडीबाला माळ दिसला, मेंढरं दिसली, आणि मेंढरांमागे पोटाला पिशवी लावून चाललेला आपण दिसलो. तो म्हणाला, "न्हाई चुकायची."

मुक्काम हॉस्पिटलशेजारच्या धर्मशाळेत होता. एका मोठ्या खोलीत आठ खाटा, प्रत्येक खाटेवर एक पेशंट आणि खाली त्याचं माणूस. तिथे कुणाचं काही लपत नव्हतं. संध्याकाळी बायका एकमेकींना लोणचं द्यायच्या आणि एकमेकींच्या माणसांची औषधं बघायच्या. त्यात इस्लामपूरच्या रंगूबाई होत्या. त्यांच्या मालकांना घशाचा कॅन्सर होता आणि मुलाचं औषधांचं दुकान होतं. कुठलीही बाटली हातात घेऊन त्या सांगायच्या, ही ॲसिडिटीची, ही शुगरची, ही जरा कडक हाय. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी कोंडीबाच्या पिशवीकडे बघून विचारलं, "पावनं, तुमाला काय काय दिलंय?"

साताऱ्याच्या गोळ्यांची बाटली पिशवीत तळाला होती. दोन महिन्यांच्या गोळ्या. पिशवी हलवली की ती खुळखुळ्यासारखी वाजायची. दुसऱ्या दिवशी राणी पाणी आणायला गेली तेव्हा कोंडीबाने गोळ्या बाहेर काढल्या, वर्तमानपत्राच्या कागदात बारीक पुड्या बांधल्या आणि त्या चुंबळीच्या पट्ट्यांमध्ये एकेक करून खोचल्या. बाटली नेऊन लांबच्या कचरापेटीत टाकली. चुंबळ कायम त्याच्या बुडाखाली असायची. तिथे कोण हात घालतंय?

रोज साडेआठला तो कूस बदलल्यासारखं करायचा, एक पुडी काढायचा आणि गोळी पाण्याबरोबर घ्यायचा. अंबूबाई असताना दोघं एकाच तांब्यातून घ्यायची. आधी ती, मग तो. आता चुंबळीतून घेताना त्याला ते बरं वाटायचं.

दोन आठवडे नीट गेले. तिसऱ्या आठवड्यात किरणांनी कातडी सोलायला लागली. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं, मग मलम लावायचं. चालताना तो पाय फाकून चालायचा. सगळी खोली त्याला वाट द्यायची. एका दुपारी तो चुंबळ खाटेवर ठेवून गेला, किरणं घेऊन परत आला आणि बघितलं, तर अंगणातल्या दोरीवर चुंबळीच्या पट्ट्या वाळत होत्या. लांब, सुट्या, स्वच्छ.

राणी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मामा, चुंबळीत चुना ठिवला व्हता व्हय तुमी?"

कोंडीबा पट्ट्यांकडे बघत राहिला.

"लय वास मारत हुती, म्हनून सोडून भिजवली. दगडावर आपटली तर पांढरं पानीच पानी. तीनदा आपटली तवा निगालं. कागदाचा बी लगदा झाला. आन् तंबाखू कुटं हाय?"

"संपली," कोंडीबा म्हणाला.

"संपली! मॅडमनी नको म्हनून सांगितलंय, आन् हे बसायच्या जाग्याला चुना बांधून बसल्यात! म्हनूनच आग हुतीया, दुसरं काय!"

आतून रंगूबाईंचा आवाज आला. "आमच्या ह्यांनी तर उशीत ठिवली व्हती. बाप्ये सगळे सारखेच."

कोंडीबाने आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती. पण त्याने मान खाली घातली आणि खाटेवर उपडा पडला. चाळीसेक गोळ्या होत्या. संध्याकाळपर्यंत राणीने पट्ट्या पुन्हा गुंडाळून चुंबळ करून दिली. अंबूबाईच्या चुंबळीपेक्षा जरा सैल झाली होती.

खरं तर दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगायचं, एवढंच काम होतं. पण कोंडीबाने हिशेब मेंढराचा केला. चांगलं पोसलेलं मेंढरू उन्हाळ्यात चारा नसला तरी अंगावरच्या चरबीवर महिना काढतं. आपण तेरा वर्षं गोळी खाल्ली आहे, एक दिवस चुकवली नाही. तेवढी अंगात मुरलीच असेल. राहिलेले दिवस निघतील. साडेआठ वाजले की तो सवयीने तांब्या घ्यायचा, पाणी प्यायचा आणि तांब्या खाली ठेवायचा. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी मॅडमनी रक्ताचा कागद समोर ठेवला. पाचव्या आठवड्याचं इंजेक्शन तोंडावर आलं होतं.

"पांढऱ्या पेशी फार खाली आल्यात. केमोने येतातच, पण मी धरलं होतं त्याहून जास्त आल्यात. वाढायचं इंजेक्शन देते. सोमवारपर्यंत सावरल्या नाहीत तर मला किरणं थांबवावी लागतील, आणि मला ती थांबवायची नाहीत. गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"हाय की चालू," कोंडीबा म्हणाला.

राणीला राहवलं नाही. "मॅडम, त्यांना तंबाखूचं सांगा. चुंबळीत चुना लपवून बसत व्हते. मी धुतला, अस्सा बदाबदा निगाला."

"चुंबळीत?"

"ही काय. हिच्यात."

मॅडमनी चुंबळीकडे बघितलं, मग कोंडीबाकडे. कोंडीबाने कॅलेंडर वाचायला घेतलं. मॅडम म्हणाल्या, "राणीताई, दोन मिनिटं बाहेर बसता?"

दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "चुना नव्हता."

"न्हाई."

"सगळ्या गेल्या?"

"दगडावर."

"किती दिवस झाले?"

"अकरा."

मॅडमनी रक्ताचा कागद बाजूला सारला. मग त्यांनी साताऱ्याच्या केंद्रात फोन लावला. ज्ञानदाताई बोलल्या. फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "इथल्या केंद्रात नाव वळवायला वेळ जाईल. तुमचं हिरवं पुस्तक घेऊन घरचं माणूस उद्या साताऱ्याला गेलं तर त्या लगेच गोळ्या देतील. तुम्ही जायचं नाही, तुमचा दिवस चुकेल. कोण जाईल?"

कोंडीबाने विचार केला. राजवर्धन होता, पण त्याला फोनवर काय सांगणार? जोतिबा होता, पण जोतिबा म्हणजे सगळा थांबा.

"मी कुणाला सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "ते तुमचं तुम्ही. पण उद्या कुणीतरी गेलं पाहिजे."

बाहेर आवारात चहाची गाडी होती. राणीने दोन चहा घेतले. कट्ट्यावर चुंबळ ठेवून कोंडीबा बसला.

"राणी, चुना न्हवता."

"मग काय व्हतं?"

"गोळ्या."

"कसल्या?"

घरात त्या आजाराचं नाव कधी निघालं नव्हतं. तो आणि अंबूबाईसुद्धा आपसात 'केस' म्हणायची. त्याने पहिल्यांदाच नाव घेतलं. मग कोर्टात जबानी देतात तसं सगळं ओळीने सांगितलं. मुंबई. एकाच दिवशी रक्त. साडेआठची गोळी. मशीद बंदरात काय काय झालं तेसुद्धा थोडक्यात सांगितलं, आणि तिथे तो चहाकडे बघत होता.

राणीने चहा संपवला. पेला खाली ठेवला.

"म्हंजे केस?"

"केस न्हाई."

"शरच्चंद्र?"

"दाताचा डॉक्टर हाय."

"मी चार वर्सं तारखेला भाकरी बांधून देतीया! मागल्या येळला नवस बोललीया, निकाल लागू दे म्हनून!"

"फेडू नकोस."

"आन् जोतिबामामा त्या माळाच्या आशेवर बसल्यात, त्येंचं काय?"

कोंडीबाने राहिलेला चहा पिऊन टाकला. राणी दोन्ही पेले गाडीवर ठेवून आली. मग हळू आवाजात म्हणाली, "आत्यांना बी व्हता?"

"व्हता. माज्याकडनं."

"त्या बोलायच्या न्हाईत तुमाला?"

"पयल्या वर्सी केस सोडून बोलली न्हाई. मंग तारखेला येस्टीत सोबत बसून बसून बोलाय लागली."

"म्हनून तुमचं ताट येगळं," राणी म्हणाली.

"त्यानं काय हुत न्हाई म्हनत्यात. तरी आपलं."

"त्यानं काय हुत न्हाई ते मला ठावं हाय. शाळंत शिकवलंय. मी दुसरंच म्हनतीया. लगीन होऊन आले तवापासनं तुमी माज्या हातनं ताट घेत न्हाई, सोता धुता, सोता पालथं घालता. मला वाटलं, मी पसंत न्हाई तुमाला."

कोंडीबा म्हणाला, "तुज्या कालवनात मीठ जास्त असतंय. बाकी काय न्हाई."

राणीला हसू आलं आणि मग लगेच राग आला. "आन् चाळीस गोळ्या मी दगडावर आपटल्या! दोरीवर पट्ट्या बघितल्या आन् तंबाखू म्हनालात! तवाच तोंड उगडलं असतं तर?"

"रंगूबाई हुत्या."

"रंगूबाई!" राणी उठली. तिने पदर खोचला. "पुस्तक कुटं हाय?"

"पिशवीत. सदऱ्याच्या घडीत."

दोन पावलं जाऊन ती परत आली. "ह्यांना सांगायचं?" म्हणजे राजवर्धनला.

"तू म्हनशील तसं."

"आत्ता नको. पाचगनी यायच्या आत गाडीतल्या गिऱ्हाइकांना सांगत्याल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने राणी गेली. रंगूबाईंना तिने सांगितलं, साताऱ्याला केसची तारीख आहे. कोंडीबा एकटाच किरणं घ्यायला गेला. मशीनखाली उपडं पडायचं, हलायचं नाही, श्वास नेहमीसारखा. त्याने मनात गाडी मोजली. आता इस्लामपूर आलं असेल, आता कराड. आता ती स्टँडवर उतरली असेल. समोर दाताच्या डॉक्टरची पाटी असेल. ती परत आली नाही तर? माहेरी गेली तर तिला कोण काय म्हणणार होतं? चार तास आधी तिच्या हातात त्याने स्वतःच पुस्तक दिलं होतं. मशीन थांबलं तरी तो हलला नाही. आतल्या मुलीला येऊन सांगावं लागलं, "काका, झालं."

सातच्या सुमाराला राणी आली. तोंड उन्हाने काळवंडलं होतं. खोलीत सगळे होते. तिने पिशवीतून बाटली काढली आणि खाटेशेजारच्या फळीवर ठेवली. बाटलीवरचा कागद खरवडून काढलेला होता.

रंगूबाई आल्याच. "बघू, कसली दिली?"

"शक्तीची," राणी म्हणाली. "तुमाला न्हाई चालायची, लय कडक हाय."

रंगूबाई परत गेल्या. राणी खाली बसली आणि भाकरीचं फडकं सोडत हळू आवाजात सांगायला लागली.

"ज्ञानदाताई चांगल्या हाईत. मला एक तास बसवलं. सगळं समजावलं, मग सगळं मलाच परत म्हनाय लावलं. तुमी गोळी चुकवायची न्हाई, आन् चुकली तर लपवायचं न्हाई. साडेआठला मी हाक मारनार."

"मला कळतंय घड्याळ."

"कळतंय, म्हनून तर अकरा दिस नुस्तं पानी प्यालात. आन् स्टँडवर जोतिबामामा गाठ पडले."

कोंडीबाचा घास थांबला.

"म्हनाले, सूनबाई, तू हितं कशी? म्हनलं, तारीख व्हती. मामांना येता येईना, म्हनून मी. म्हनाले, काय झालं? म्हनलं, पुढची तारीख."

"मग?"

"मग काय. शरच्चंद्राला शिव्या घातल्या. मी बी दोन घातल्या."

तिने हिरवं पुस्तक त्याच्या हातात दिलं. "नाव बदलाय लागलं. त्याबिगार माज्या हाती गोळ्या देता येईनात म्हनाल्या."

कोंडीबाने पहिलं पान उघडलं. काळजी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव. अंबूबाई कोंडीबा, पत्नी. त्यावर निळ्या पेनाने एकच रेघ होती. नाव वाचता येत होतं. खाली लिहिलं होतं, राणी राजवर्धन, सून.

"मी म्हनलं त्यांना, जोरात खोडू नका," राणी म्हणाली.

कोंडीबाने पान बराच वेळ उघडं धरलं. मग पुस्तक मिटून राणीकडे परत दिलं. साडेआठला तिने हाक मारली. त्याने गोळी घेतली. राहिलेलं पाणी तिने तांब्या वर धरून प्यायलं.

सोमवारी पेशी थोड्या वर आल्या होत्या. मॅडमनी दोन दिवस विश्रांती दिली, केमोचा डोस थोडा कमी केला आणि पुन्हा सुरू केलं. अठ्ठावीस दिवस पुरे झाले. गाठ लगेच बघून काही कळत नाही, ती सहा महिन्यांपर्यंत हळूहळू विरघळत राहते, असं मॅडम म्हणाल्या. तीन महिन्यांनी निम्म्याहून कमी होती. सहा महिन्यांनी मॅडमनी बोटाने तपासलं, स्कॅन बघितला आणि म्हणाल्या, "आता काही लागत नाही. पिशवीचं डोक्यातून काढा. पण पाच वर्षं येत राहायचं. पुढची तारीख देते."

कोंडीबाने तारीख घेतली.

गावाने त्याला थांब्यावर बसलेला बघितलं आणि मूळव्याध बरी झाल्याचं जाहीर केलं. ऑपरेशनचं नाव कुणी काढलं नाही. सुरणवाले म्हणाले, सुरण. ताकवाले म्हणाले, ताक. जोतिबाने त्याचा हात धरून अंगठी सगळ्यांना दाखवली. "काढ आता. माजी परत सुरू झालीया."

कोंडीबाने अंगठी काढली, पण दिली नाही. "जोतिबा, कुनी बघितलंय का तुला?"

"काय बघायचंय त्यात? मूळव्याधच हाय."

"मी बी तसंच म्हनत व्हतो. आदी दाखवून ये. सर्जन हाय साताऱ्याला. मग अंगठी देतो."

"त्ये बोट घालत्यात म्हनं."

"घालत्यात. मरत न्हाई मानूस."

जोतिबाने थांब्यावरच्या माणसांकडे बघितलं. मग म्हणाला, "तू उद्या तारखेला चाललायस न्हवं? मी बी येतो मग. सर्जन बी हुईल आन् कोर्ट बी हुईल. माजी मेंढरं बी त्याच माळावर चरत्यात, माजं बी नाव घालून टाक केसमदी."

कोंडीबाने राणीकडे बघितलं. ती भाकरीचं फडकं घेऊन थांब्यावर आली होती, प्रवासाला निघालेल्या शेजारणीला द्यायला.

"सर्जनकडं चला," राणी म्हणाली. "केसचं वकिलीनबाईंना इचारून सांगते."

"वकिलीन हाय? बाई?"

"ज्ञानदाताई. लय हुशार हाईत."

"मग तेरा वर्सं का लागली?"

"मामांनी खरं सांगितलं न्हवतं कुनाला," राणी म्हणाली, आणि फडकं देऊन मेंढरांकडे गेली.